पुडीवरली रुद्राणी

बसा की हो, असं दारात उभं राहून कुठं गोष्ट आयकतेत का? ते पोतं ओढा अन् टेका बूड. घाई कावून करता, तुमची गाडी अजून बीडातून हलली न्हाई. तवर तुमाला नेकनूरच्या रुद्राणीची गोष्ट सांगतो. आयकून हसा, न्हाई हसू आलं तर गप बसा, पण मधी उठू नका.

नेकनूरला बाजाराच्या वाटंवर महारुद्रप्पाचं दुकान हाय. कापूर, उदबत्ती, भस्माच्या वड्या, देवाधर्माचं समदं सामान. अन् त्या समद्याच्या म्होरं रांगंत मांडलेलं 'रुद्राणी उटणं'. पिवळी पुडी अन् पुडीवर बाईचा फोटू. बाई कोण म्हणाल तर आप्पाचीच बायकू. लग्नानंतर पयल्या दिवाळीला आप्पानं तिला बीडाला नेलतं अन् फोटू काढलता. तवा रुद्राणी वीस वर्साची. नाकात नथ, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, हातात वाटी, अन् गाल असे की नुसती नजर घसरावी.

त्या पुडीनं आठ्ठावीस वर्सं घर चालवलं. दिवाळी आली की मांजरसुंब्यापसून पालीपोतर न्हाणीन्हाणीत रुद्राणी. लोक चावट बोलायचे, "आप्पा, तुमची बायकू आमच्या न्हाणीत हाय." आप्पा म्हणायचा, "असू द्या, पुडीचे पैसे दिलेत ना?" असा मानूस.

आता उटणं करायचं कोण? तर रुद्राणीच. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, संत्र्याच्या साली, मुलतानी माती. चैत-वैशाखाच्या उन्हात माळवदावर पसरायचं, शेळ्या-माकडं हाकलत दिवसभर राखत बसायचं, मग उखळात कुटायचं, मग फडक्यातून गाळायचं. आप्पा खाली गल्ल्यावर, पंख्याच्या वाऱ्यात. असं हुता हुता पुडीवरली रुद्राणी विशीतच राहिली अन् माळवदावरली आठ्ठेचाळीसची झाली. पालीच्या धरणाचं पाणी आटल्यावर गाळाला भेगा पडत्यात बघा, तसं तोंड झालं. तिला सोताला त्याचं काय वाटत नव्हतं. आरसा बघाय येळ कुणाला व्हता? पण पुडीवर नाव आपलं हाय, ह्याचा मातर तिला लई अभिमान. शेतावर नाव आप्पाचं, दुकानावर नाव आप्पाच्या बापाचं. पुडी तेवढी तिची.

मग आला टीव्ही, टीव्हीच्या मागं आली केबल, अन् केबलच्या मागं आल्या एक-एक रुपयाच्या क्रीमच्या पुड्या. हारावानी दुकानादुकानात टांगल्या. चौदा दिवसांत गोरं, म्हणं. पोरी उटण्याकडं बघंनात. आप्पाची सून वर्षाराणी, नवरा पुण्याला कामाला अन् ही इथं सासूपशी, तिच्या बी ट्रंकंत साडीच्या घडीत तसल्या सात पुड्या निघाल्या. आप्पाला बोलायची सोय उरली न्हाई.

एका रव्यारी, बाजाराच्या दिवशी, कडूबाई माळीण दुकानात आली. तिनं पुडी उचलली, रुद्राणीच्या तोंडापशी धरली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"रुद्राणीआक्का, ही तुमची नात का वो?"

"मीच हाय ती," रुद्राणी म्हणली.

"तुमी?" कडूबाईनं पुडी खाली ठिवली. "बाई, घरचं उटणं लावून तुमचं असं, मग आमचं इकत घेऊन कसं व्हईल?"

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. रुद्राणीनं तराजू पुसला, पुन्ना पुसला. तराजूला काय बी लागलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात औरंगाबादेहून फोन आला. कुठलीशी कंपनी, खेड्यापाड्यातलं गावरान सामान घेऊन मोठाल्या शहरात इकणारी. साहेब म्हणला, तुमचं उटणं आमी घेऊ, साऱ्या महाराष्ट्रात धाडू, पण पुडीवरच्या बाई कोण?

आप्पाची जीभ तशी लांबच. "माझी मिसेस हाय साहेब. वय आठ्ठेचाळीस. रोज आपलंच उटणं लावती. आजून हुबेहूब पुडीवरल्यासारखी."

"खरंच?" साहेब म्हणला. "मग दसऱ्याला कॅमेरा घेऊनच येतो. त्या बाईच तुमची जाहिरात."

आप्पानं फोन ठिवला अन् वळून बायकूकडं बघितलं. पंधरा-वीस वर्सांत पयल्यांदा नीट बघितलं आसंल.

"आगं, तुझ्या तोंडाला काय झालं?"

"कवा?"

"आता."

"आता काय बी झालं न्हाई. जे झालं ते आठ्ठावीस वर्सांत झालं. तुमी कुठं गेलता?"

आप्पानं झाला परकार सांगितला. रुद्राणीनं कपाळाला हात लावला. पण मनात कुठंतरी तिला बी गुदगुली झालीच. साऱ्या महाराष्ट्रात! पुण्याच्या दुकानात, मुंबईच्या दुकानात, पुडीवर 'रुद्राणी'! मानूस लबाडीला न्हाई म्हणंल, पण लबाडीत आपलं नाव मोठ्या अक्षरात लिवलेलं असलं की जरा थांबून वाचतंय. तीबी थांबली.

आप्पानं चार दिवसांत उपाय हुडकून आणला. मांजरसुंब्याच्या चौकात, एका ढाब्याच्या माडीवर, पुण्याचा कोणी डाक्टर पंधरा दिवसाला मंगळवारी बसायचा. खाली शेवभाजीचा ठसका, वर पाटी, 'चेहऱ्यावरील सुरकुत्या घालवा. विनाऑपरेशन. परदेशी इंजेक्शन.' ट्रकवाले ती पाटी वाचून आरशात बघायचे अन् मिशीला पीळ देऊन म्होरं जायचे.

आषाढातल्या एका मंगळवारी दोघं नवरा-बायकू यष्टीनं तिथं गेली. डाक्टर गोरापान, तोंड असं गुळगुळीत की वय कळंना. त्यानं आधी कापसावर स्पिरीट घेऊन रुद्राणीचं तोंड पुसलं. सकाळच्या लिंगपूजेचं भस्म पुसलं गेलं. तिनं डोळे मिटून घेतले. त्यातलं काय तुमाआमाला कळायचं न्हाई, पण तिला ते टोचलं, सुईच्या आधी.

"डाक्टर," ती म्हणली, "ह्यात हाय काय? आमी शाकाहारी हावोत. आंडं बी चालत न्हाई."

"चिंता नको आजी. मक्यापासून काढलेलं असतं मुळात."

"मका? आमी तर म्हशीला घालतो."

"आगं गप!" आप्पा म्हणला.

डाक्टरनं बाटलीतली पांढरी भुकटी दावली, पाण्यात कालवलेली. म्हणला, "असं बघा. आपल्या कातडीच्या खाली कोलॅजन नावाचा आधार असतो. वय झालं की तो कमी होतो, कातडी खाली बसते. हे औषध तिथं जाऊन बसलं की शरीर जागं होतं, आणि स्वतःच नवं कोलॅजन तयार करतं. औषध हळूहळू विरून जातं, आधार राहतो."

रुद्राणीला ते कळलं. "म्हंजे माळवद वाकलं की खाली मेढी लावतेत, तसं."

"अगदी तसं. फक्त मेढी तुमचं शरीरच उभ्या करणार."

"किती दिवसात?" आप्पाचं लक्ष दसऱ्याकडं.

"तीन महिने धरा. आज थोडी सूज येईल, गाल भरलेले दिसतील. दोन-तीन दिवसांत सूज उतरेल, मग पहिल्यासारखंच दिसेल. तेव्हा घाबरू नका."

"मग घाबरायचं कवा?" रुद्राणीनं इचारलं.

डाक्टरनं ते आयकलंच न्हाई. दोन्ही गालात, कानशिलापशी, हनुवटीच्या कडंला, मोजून बावीस टोचे. ती एकदा सुदीक वरडली न्हाई. आप्पा मातर खिडकीतून भाईर बघत उभा. त्या सुयाच्या पैशात दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या, अन् शेळ्यांनी दसऱ्यापोतर दूध तरी दिलं असतं.

निघताना डाक्टरनं बजावलं, "आता मालीश. पाच दिवस, रोज पाच वेळा, पाच-पाच मिनिटं. औषध सगळीकडं सारखं पसरलं पाहिजे. स्वच्छ हातानं, हलक्या हातानं."

आता बघा, इथं गोष्ट बिघडली. दुसऱ्या कुठल्या घरात बिघडली नसती. कुणब्याची बाई असती, मास्तरची बाई असती, तर हात धुऊन गाल चोळले असते अन् सुटली असती. पण हे घर उटण्याचं! ह्या घरात आठ्ठावीस वर्सं 'चोळणं' म्हणलं की उटणंच. कोरड्या हातानं चोळणं म्हंजे आप्पाला दुकानाचा अपमान वाटला.

"परदेशी औषध हाय, त्याला देशी जोड दिऊ," आप्पा म्हणला. "आतून ते, वरून हे. दोन्हीकडून धरलं की सुरकुती जाती कुठं?"

"आवो, सच्छ हात म्हणला तो."

"उटण्यापरीस सच्छ काय हाय? आपलंच उटणं आपणच घाण म्हणावं?"

तिनं कुटलेलं, तिनं गाळलेलं. ती कशी म्हणंल घाण?

अन् मग आप्पानं सोताच्या हातानं बायकूचं तोंड चोळलं. दिवसातनं पाच बार, घड्याळ म्होरं ठिवून. लग्नापसून त्यानं तिला येवढा हात कवा लावला नव्हता. वर्षाराणी दाराआडून बघायची अन् पदर तोंडात कोंबायची. हलक्या हातानं म्हणलेलं, पण आप्पाचा हात गुळाच्या ढेपी फोडणारा. बावीस भोकं ताजी, वर नागरमोथ्याची भुकटी, संत्र्याची साल, मुलतानी माती. शेतात पेरल्यावर वरून माती लोटतेत ना? तसं समदं भोकाभोकात लोटलं.

तिसऱ्या दिवशी गाल चढले. आप्पा खुश. "बघ, उगवलं!"

पाचव्या दिवशी गाल लाल झाले, गरम झाले, तोंड उघडंना. सातव्या दिवशी पू आला. मग मातर बीडाला पळवली. तिथला डाक्टर म्हातारा मानूस, त्यानं तोंड बघितलं, आप्पाकडं बघितलं, म्हणला, "हे कुणी चोळलं?" आप्पा म्हणला, "बायकाचं काय सांगता येतंय साहेब, काय बी लावत्यात."

रुद्राणीला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं आप्पाकडं बघितलं.

गोळ्या झाल्या, सुया झाल्या, पू गेला, ताप गेला. डाक्टरला हुडकाय आप्पा मांजरसुंब्याला गेलता, तर माडीवर पाटी न्हाई, डाक्टर न्हाई. ढाबेवाला म्हणला, "त्यो त्या मंगळवारापसून आलाच न्हाई. माडीचं भाडं बी बुडिवलं त्यानं."

अन् गंमत काय, औषध खोटं नव्हतं! भादव्यात डावा गाल खरंच वर आला. जागच्या जागी, भरलेला, गुळगुळीत. पण उजव्या गालाचं निराळंच झालं. तिथं पू झालता त्या जागी आत गाठी बसल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या, अन् कातडी त्याच्यावर ताणून आवळलेली. डाव्या अंगानं बघितलं तर पस्तिशीची बाई, उजव्या अंगानं बघितलं तर सत्तरीची. आप्पा जेवाय बसताना तिच्या डाव्या हाताला पाट मांडायला लागला.

दगडाबाई धनगरीण दुकानात हळद घ्यायला आली, तिनं दोन्हीकडून फिरून बघितलं. "रुद्राणीआक्का, आमच्या मेंढीला गांधीलमाशी डसली की असंच थोबाड हुतंय. पण ते दोन दिवसांत उतरतंय बाई."

"मेंढीला नवरा कुठं असतो चोळाय?" रुद्राणी म्हणली.

दगडाबाई येवढी हसली की हळद सांडली.

पण रुद्राणी रातच्याला, दिवा मालवला की, उजव्या गालावरनं बोट फिरवायची. एक, दोन, तीन, सात गाठी. मोजून झालं की पुन्ना मोजायची. दसरा म्होरं आलता. तिला वाटायचं, काही का असंना, साहेब येईल, आपलं उटणं बघंल, आपण कसं करतो ते इचारंल. तोंडाकडं बघून काय करायचंय त्याला, उटणं तर चांगलं हाय ना? बिचारी! आठ्ठेचाळीस वर्सं झाली तरी मानूस कसं भाबडं राहतंय बघा.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच आप्पानं वर्षाराणीला हाक मारली. हातात रुद्राणीची लग्नातली इरकल साडी अन् नथ.

"हे घाल. साहेब येतेत. तू रुद्राणी म्हणून बस."

"मी?" पोरीच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. "मामंजी, मी आत्याबाईच्या नावानं कशी बसू? माझं वय बावीस!"

"दोन तासाचा सवाल हाय. हसायचं अन् गप बसायचं. इज्जत हाय घराची." मग त्यानं बायकूकडं न बघताच म्हणलं, "तू मागं बस उखळापशी. भाईर येऊ नको."

रुद्राणी म्हणली, "नाव बी तिलाच दिलं का?"

"आगं, दिलं कुठं? दोन तास उसनं घेतलं."

ती गेली मागं. गेली म्हंजे काय करती? भांडून दाखवायचं कुणाला, तोंड तर सोतालाच दाखवू वाटत नव्हतं.

साहेब आला जीपमधून, गळ्याला टाय, घामानं भिजलेला. संगं एक मॅडम, खांद्याला कॅमेरा. बाजूच्या दुकानातली माणसं पायरीवर गोळा. वर्षाराणी पुडीवरल्यासारखी वाटी धरून बसलेली.

"अठ्ठेचाळीस?" मॅडम उडालीच. "बाई गं! मी छत्तीसची, आणि माझी अवस्था बघा." तिनं जवळ जाऊन पोरीच्या गालाला हात लावला. "रोज काय काय लावता?"

"उटणं."

"कधीपासून?"

"आठ्ठावीस वर्सं."

"आणि मुलं किती?"

"आजून न्हाई झालं."

"एक!" आप्पा मधीच वरडला. "एक मुलगा. बसवेश. पुण्याला असतो."

वर्षाराणी लाजून लाल झाली. सोताचा नवरा सोताच्याच पोटचा करून टाकला सासऱ्यानं. पायरीवरली माणसं खोकायला लागली.

तेवढ्यात मागून मुसळाचा आवाज सुरू झाला. धप्. धप्. धप्. साहेब म्हणला, "आप्पा, यात घालता काय काय? कशाचं किती प्रमाण?"

आप्पानं वर्षाराणीकडं बघितलं, वर्षाराणीनं आप्पाकडं. आठ्ठावीस वर्सं पैसे मोजले, पण वाळा किती अन् मोथा किती हे त्यानं कवा इचारलंच नव्हतं.

"ते... अंदाजानं असतंय," आप्पा म्हणला.

धप्. धप्.

"मागं कोण आहे?" मॅडमनं इचारलं.

"कोण न्हाई. कामवाली हाय. कुटाय येती."

मुसळ थांबलं.

रुद्राणीच्या हातात ते वरच राहिलं. तिला कानात कसलातरी आवाज आला, यष्टी घाट उतरताना येतोय तसा. तोंड गेलं, म्हणली असंल. नाव दोन तास उसनं गेलं. आता बायकू म्हणून बी खोडली. ती मुसळ हातात घेऊनच भाईर आली अन् उंबऱ्यात उभी राहिली.

मॅडम दचकली. "अरे देवा. हिच्या चेहऱ्याला काय झालंय?"

आता इथं खरा मानूस असता तर मेल्यासारखा झाला असता. पण आप्पाच्या आत बसलेला यापारी जागा झाला. तो म्हणला, "ती दुसऱ्या कंपनीची क्रीम लावती ना मॅडम! किती सांगितलं, आपलं उटणं लाव. आयकत न्हाई."

"काय सांगता!" मॅडमचे डोळेच चमकले. ती साहेबाकडं वळली. "सर, हेच पाहिजे आपल्याला! दोघींना शेजारी बसवू. एक वापरणारी, एक न वापरणारी. पाकिटावर दोन्ही फोटो."

साहेब बी खुश. आप्पा तर येवढा खुश की त्यानं सोता उठून रुद्राणीला पाट मांडला. "बस, बस. उजवा गाल इकडं कर."

रुद्राणी बसली. मुसळ मांडीवर आडवं. समदे म्हणले, बाई वेडी झाली का काय. मॅडमनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"मॅडम," रुद्राणी म्हणली, "फोटूखाली नावं लिवणार का?"

"हो. हिच्याखाली 'रुद्राणी'. तुमच्याखाली नाव नको, 'न वापरणारी' एवढंच."

"माझं बी नाव लिवा की. येवढं तोंड देतेय तर."

"बरं, काय नाव तुमचं?"

"रुद्राणी."

मॅडमनं कॅमेरा खाली घेतला. "दोघी रुद्राणी?"

"न्हाई. एकच."

वर्षाराणीनं नाकातली नथ काढली अन् सासूच्या हातावर ठिवली. "आत्याबाई, मला न्हाई व्हायचं हे. मी तर पुडीतली क्रीम लावते मॅडम, एक रुपयावाली. उटण्यानं मला शिंका येत्यात."

मग रुद्राणी बोलली. लई न्हाई बोलली, तोंडाच्या उजव्या अंगाला अजून आवळल्यासारखं व्हायचं. "उटणं मी करते. वाळा एक वाटा, मोथा आर्धा, हळद पाव, साली दोन, माती एक. लिवून घ्या, काय लपवायचं न्हाई. त्यानं मळ निघतो, वास चांगला येतो. सुरकुती जात न्हाई. हे तोंड सुई टोचून अन् उटणं चोळून झालंय, दुसऱ्या कुणाच्या क्रीमनं न्हाई. अन् चोळणारे हे बसलेत. माझे मालक."

पायरीवरनं कोणीतरी म्हणलं, "आप्पा, कामवालीला पगार किती देता?"

साहेबानं फायल मिटली. "आप्पा, तुम्ही आम्हाला मूर्ख समजलात." अन् निघाला. आप्पा त्याच्या मागं जीपपोतर पळत, "साहेब, आयका तर, साहेब..."

मॅडम जरा मागं राहिली. कॅमेरा पिशवीत घालता घालता ती रुद्राणीच्या डाव्या अंगाला आली, वाकून बघितलं, अन् हळूच इचारलं, "हा गाल मात्र छान आलाय हो. डॉक्टर कुठं बसतात?"

रुद्राणीनं मांडीवरलं मुसळ उचललं. मग म्हणली, "आता कुठं बसतो ठाव न्हाई माय. सापडला तर चोळणाराला संगं नेऊ नको."

गेली जीप. सौदा बी गेला, साऱ्या महाराष्ट्रातलं नाव बी गेलं. रुद्राणीनं नथ ट्रंकंत ठिवली, मुसळ कोपऱ्यात उभं केलं, अन् त्या दिवसापसून कुटणं बंद. दिवाळी वीस दिवसावर. गिऱ्हाईक यायला लागलं, पुड्या संपल्या. आप्पानं एक दिवस सोता कुटून बघितलं, तर आंगठ्याचं नख काळं झालं अन् उटण्यात वाळ्याच्या काड्याच काड्या. दगडाबाई म्हणली, "आप्पा, ह्यानं भांडी घासू का?"

चौथ्या दिवशी आप्पा उखळापशी जाऊन बसला. "काय करू म्हणती? पाया पडू?"

"पाया पडून काय करता? पाया पडलेलं कुणाला दिसतंय?" रुद्राणी म्हणली. "तुमी भरल्या दुकानात मला कामवाली केलं. आता भरल्या दुकानातच निस्तरायचं. कोणी बी उटणं मागितलं की गल्ल्यावरनं उठायचं, मला बोट करायचं, अन् नाव घिऊन सांगायचं, रुद्राणी ही, माझी बायकू, उटणं हिनं केलंय. मग पुडी द्यायची. एकाला बी चुकलात तर मुसळ हाय तिथंच राहील."

"येडी झाली का? लोक हसतील."

"हसू द्या की. माझं तोंड बघून हसलेच ना?"

कुटणं पुन्ना सुरू झालं. पयल्यांदा सांगाय लागलं ते कडूबाईला. मान खाली, आवाज पोटात. कडूबाई म्हणली, "काय म्हणलात आप्पा? आयकू न्हाई आलं." दुसऱ्यांदा म्हणला. "अन् ही कोण म्हणलात तुमची?" तिसऱ्यांदा म्हणला, तवा बाजारातल्या बाया टाळ्या पिटाय लागल्या. त्या दिवाळीला ज्यांना उटणं नको व्हतं त्यांनी बी नुसतं आप्पाचं आयकायला पुडी नेली. आता म्हणू नका की आप्पा सुधारला. बाई मागं धुणं वाळू घालाय गेली की गडी मुकाट्यानं पुडी म्होरं सरकवतो, बोट न करता.

म्हणून तुमाला येवढंच मागतो. मांजरसुंब्याहून जाताल तर नेकनूरला दहा मिनिटं उतरा. आप्पाच्या दुकानात जा. रुद्राणीच्या तोंडाकडं टक लावून बघू नका, वय इचारू नका, अन् तरुण दिसता असलं काय बी तोंडातून काढू नका. नुसती एक पुडी मागा अन् आप्पाला मोठ्यानं इचारा, 'रुद्राणी कोण?' अन् तो उठून, बोट करून, नाव घिऊन सांगत न्हाई तवर पायरीवरनं हलू नका. गाडी चुकली तर चुकू द्या.